मुलांचे वाकडे दात : उपचार, खर्च आणि त्याची तरतूद

आपल्या संघाच्या स्मरणिकेत व्यापार, करपद्धती, बाजारपेठा या विषयांवर अधिकारी व्यक्तींचे लेख येत असतात. धान्याच्या घाऊक व्यापाऱ्याने दातांवर लिहावे, हे वाचून काही बंधूंना हसू येईल. मी मॅट्रिकपलीकडे शिकलेलो नाही, आणि वैद्यकाचा अधिकार मला मुळीच नाही. तथापि घरातील तीन मुलांच्या निमित्ताने या विषयाचा जो अभ्यास करावा लागला, त्यात वैद्यकाइतकाच व्यवहाराचाही भाग होता. आणि व्यवहार हा आपणा सर्वांचा विषय आहे. म्हणून हे धाडस.

प्रथम माझीच चूक सांगतो. 2002 साली माझी मुलगी बारा वर्षांची होती. तिचे वरचे पुढील दात ओठाबाहेर येत असत. दंतवैद्यांनी तारा लावण्यास सांगितले आणि 14,000 रुपये खर्च सांगितला. त्या वर्षी रविवार पेठेतील आमच्या गोदामात तूर पडून होती व भाव उतरत होते. मी विचारले, "दात दुखतात का?" ती "नाही" म्हणाली. "मग पुढच्या वर्षी पाहू," असे मी म्हणालो. ते पुढचे वर्ष कधी आले नाही, आणि तिनेही पुन्हा विषय काढला नाही. मात्र हसताना तोंडावर हात धरण्याची सवय तिला लागली ती लागलीच. तिच्या लग्नाच्या एकाही छायाचित्रात तिचे दात दिसत नाहीत. 2019 साली, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, स्वतःच्या पगारातून तिने हा उपचार सुरू केला. वरचे दोन दात काढावे लागले आणि काम अडीच वर्षे चालले. तिने मला कधी दोष दिला नाही. परंतु हिशेब मला कळतो. जी गोष्ट बाराव्या वर्षी थोडक्यात झाली असती, ती सतरा वर्षांनी कितीतरी महाग पडली; आणि मधली सतरा वर्षे कोणत्याच खात्यात जमा होत नाहीत.

दात वाकडे का येतात?

काही कारणे वंशपरंपरेची असतात. जबडा लहान आणि दात मोठे, असे झाले म्हणजे दातांस ओळीत जागा पुरत नाही. ते एकमेकांवर चढतात. वरचा जबडा पुढे वा खालचा पुढे, हेही पुष्कळदा घराण्यातून येते. यावर पालकांचा इलाज चालत नाही.

परंतु काही कारणे टाळता येण्यासारखी आहेत, आणि खर्च वाचविण्याचा पहिला मार्ग तोच होय. "दुधाचे दात पडणारच, मग किडले तर काय झाले?" असा समज घरोघरी आढळतो. वास्तविक दुधाची दाढ ही खालून येणाऱ्या कायम दातासाठी जागा राखून ठेवीत असते. ती किडून वेळेआधी काढावी लागली, तर शेजारची दाढ त्या रिकाम्या जागेकडे सरकते आणि मागाहून येणाऱ्या दाताला वाट उरत नाही. अशा वेळी जागा राखणारे एक लहानसे धातूचे साधन बसवितात. त्याचा खर्च पुढे लागणाऱ्या तारांच्या खर्चाचा लहानसा अंश असतो.

दुसरे असे की, सहाव्या वर्षाच्या सुमारास सर्व दुधाच्या दातांच्या मागे एक नवी दाढ येते. ती येताना कोणताही दात पडत नाही. त्यामुळे पुष्कळ माता-पिता तिलाही दुधाचीच समजतात आणि ती किडली तरी दुर्लक्ष करतात. ती दाढ जन्मभराची असते.

तिसरे कारण सवयींचे. चार वर्षांनंतरही अंगठा चोखण्याची सवय राहिली तर पुढचे दात बाहेर ढकलले जातात. नाकाऐवजी तोंडाने श्वास घेणाऱ्या मुलाला आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्यावे. नाकामागील गाठी वाढलेल्या असतील तर त्याचा परिणाम जबड्याच्या वाढीवरही होऊ शकतो.

केव्हा दाखवावे आणि केव्हा थांबावे?

अमेरिकेतील दंतरचनातज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस अशी आहे की, मूल सात वर्षांचे होईपर्यंत त्याची एकदा तपासणी व्हावी. सातव्या वर्षी तपासणी करणे म्हणजे सातव्या वर्षी तारा लावणे नव्हे, हे पालकांनी नीट ध्यानात घ्यावे. बहुतेक मुलांना तज्ज्ञ "वर्षाने पुन्हा दाखवा" एवढेच सांगतात.

एक उदाहरण पाहू. सात-आठ ते दहा-अकरा या वयात वरच्या पुढील दातांत फट पडते आणि ते पंख्यासारखे बाजूला झुकलेले दिसतात. आई घाबरते. वास्तविक वर सरकणाऱ्या सुळ्यांच्या दाबामुळे ही अवस्था येते, आणि सुळे बाहेर आले म्हणजे ती फट बहुधा आपोआप मिटते. अशा वेळी घाईने केलेला खर्च वाया जातो.

उलट काही गोष्टींत थांबणे महाग पडते. वरच्या व खालच्या जबड्यांच्या वाढीतच तफावत असेल तर वाढीच्या वयात, म्हणजे मुलींच्या साधारण दहा ते बारा आणि मुलांच्या बारा ते चौदा या वर्षांत, साधे काढघाल करण्याचे साधन देऊन त्या वाढीचा उपयोग करून घेता येतो. वाढ संपल्यावर तीच मोठी तफावत केवळ तारांनी सुधारत नाही. कधी शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. तसेच फार पुढे आलेले दात खेळताना पडल्यास लवकर तुटतात. म्हणून कोणत्या मुलाने थांबावे आणि कोणत्याने थांबू नये, हे ठरविण्यासाठी ती एक तपासणी हवी. पोत्यातून मूठभर नमुना हातावर घेतल्याशिवाय आपण माल घेत नाही. येथेही तीच रीत असावी.

तार नेमके काय करते?

या शास्त्राला आधुनिक रूप दिले ते एडवर्ड अँगल या अमेरिकन दंतवैद्याने. दाढा एकमेकींवर कशा बसतात यावरून वाकड्या दातांचे तीन मुख्य वर्ग त्याने 1899 मध्ये पाडले, आणि ते आजही वापरात आहेत. पूर्वी प्रत्येक दाताभोवती धातूचे कडे बसवावे लागे. 1955 मध्ये मायकेल बुओनोकोर याने दाताचा पृष्ठभाग आम्लाने खरखरीत करून त्यावर पदार्थ चिकटविण्याची रीत दाखविली, आणि पुढे त्यावरूनच लहान खुंटी थेट दातावर चिकटविणे शक्य झाले. निकेल व टायटॅनियम यांच्या मिश्रधातूची, वाकविली तरी पूर्वाकार घेणारी तार अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेतील शोधातून निघाली आणि 1970 नंतर दातांसाठी वापरात आली.

तारेचा दाब सौम्य पण अखंड असतो. ज्या बाजूला दात ढकलला जातो तेथील हाड विरघळते आणि मागील बाजूस नवे हाड भरते. अशा रीतीने दात हाडातून सावकाश सरकतो. ही क्रिया निसर्गाच्या गतीनेच चालते. म्हणून साधारण दीड ते दोन वर्षे लागतात आणि दर चार ते सहा आठवड्यांनी दवाखान्यात जावे लागते. अधिक जोर लावला तर दाताच्या मुळालाच अपाय संभवतो. तेव्हा "सहा महिन्यांत हमखास" असे कोणी सांगितले तर सावध व्हावे.

यावरून खर्चाचे गमकही कळते. आपण जी रक्कम देतो ती मुख्यतः तारेची किंमत नसून तज्ज्ञाच्या दोन वर्षांच्या वेळेची व कौशल्याची असते. साध्या दंतवैद्याच्या पदवीनंतर आणखी तीन वर्षे या एकाच विषयाचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेली व्यक्ती तज्ज्ञ समजली जाते. उपचारापूर्वी ती पदवी आणि राज्य दंत परिषदेकडील नोंदणी विचारण्यात संकोच नसावा.

भाव जागेवरचा की पोहोच?

2023 साली नातवासाठी मी तीन खाजगी दवाखान्यांत चौकशी केली. साध्या धातूच्या तारांसाठी 35,000 ते 50,000, दाताच्या रंगाच्या सिरॅमिक खुंट्यांसाठी 50,000 ते 65,000, आणि पारदर्शक काढघालीच्या साच्यांसाठी दीड लाखाच्या पुढे, असे भाव मिळाले. वाढत्या मुलाच्या बहुतेक तक्रारींना धातूची साधी तार उत्तम काम देते. महाग प्रकारात अधिक पैसे पडतात ते बहुधा दिसण्याचे व सोयीचे. शिवाय साचे दिवसातील वीस-बावीस तास तोंडात ठेवावे लागतात, आणि बारा वर्षांचे मूल ते डब्याजवळच विसरून येते.

केवळ आकडा ऐकून तुलना करू नये. आपण माल घेताना भाव जागेवरचा की पोहोच, हमाली, तोलाई, बारदान कोणाकडे, हे आधी ठरवितो. तसेच येथे पाच प्रश्न लेखी विचारावे : क्ष-किरण चित्रे व दातांचे साचे या रकमेत आहेत काय? दात काढावा लागल्यास व दात साफ करण्याचे पैसे निराळे काय? खुंटी निघाल्यास ती पुन्हा बसविण्याचा आकार काय? उपचारानंतर दात जागी धरून ठेवणारे साधन, ज्याला रिटेनर म्हणतात, ते धरले आहे काय? आणि काम ठरल्यापेक्षा लांबले तर अधिक रक्कम द्यावी लागेल काय? मला मिळालेल्या तीन भावांपैकी सर्वांत स्वस्त दिसणारा भाव या प्रश्नांनंतर मधल्यापेक्षा महाग ठरला.

आरोग्यविम्यावर विसंबू नये. सामान्य विमापत्रात अपघाताखेरीज दातांचे उपचार बहुधा वगळलेले असतात. आपले कागद मात्र वाचून पाहावेत.

"बिनव्याजी" हप्त्यांचा हिशेब

आमच्या दुकानच्या दिवाणजींनी आपल्या कन्येसाठी एका दवाखान्यात बारा बिनव्याजी हप्ते करून घेतले. मला त्यांनी मागाहून सांगितले. कागद पाहिला तेव्हा हिशेब असा निघाला : ठरलेली रक्कम 42,000, दरमहा 3,500 प्रमाणे बारा हप्ते, वर वित्तसंस्थेचे प्रक्रियाशुल्क 1,000. मात्र रोख देणाऱ्याला तेच काम 38,000 मध्ये होते. म्हणजे रोखीच्या 38,000 पैकी 1,000 त्यांनी आरंभीच दिले आणि उरलेल्या 37,000 पोटी बारा महिन्यांत 42,000 फेडले. मांडून पाहिल्यास हा दर दरमहा शेकडा 2 रुपये, म्हणजे वर्षाला सुमारे 24 रुपये पडतो. व्याज लिहिलेले नव्हते, एवढेच. यात कोणी फसविले असे मी म्हणत नाही. अटी कागदावर होत्या. परंतु माझ्याच गादीवर रोज हिशेब लिहिणाऱ्या गृहस्थांना मालकाजवळ शब्द टाकण्याचा संकोच वाटला, आणि त्या संकोचाची किंमत 5,000 रुपये झाली. याचे मला वाईट वाटले.

याहून बरे दोन मार्ग आहेत. एक, दवाखान्याशीच थेट ठराव करणे. उपचार दीड-दोन वर्षे चालणारच आहेत. तेव्हा आरंभी 12,000 आणि पुढे वीस भेटींत प्रत्येकी 1,500 असे 42,000 देण्यास अनेक डॉक्टर तयार असतात. यात मध्ये वित्तसंस्था नाही, आणि काम जसजसे होते तसतसे पैसे जातात. रोखीची सूट किती आणि ही सवलत किती, याची तुलना मात्र करावी.

दुसरा मार्ग आगाऊ तरतुदीचा. सातव्या वर्षी तपासणी झाली व बाराव्या वर्षी तारा लागतील असे कळले, तर हाती साठ महिने असतात. दरमहा 600 रुपये आवर्ती ठेवीत टाकले तर मुद्दल 36,000 होते, आणि व्याज शेकडा 6 धरले तरी पाच वर्षांअखेर सुमारे 42,000 मिळतात. दिवसाला वीस रुपयांत हे काम होते. लवकर तपासणीचा हा आर्थिक लाभ कोणी सांगत नाही, म्हणून येथे मुद्दाम लिहिला.

दंतमहाविद्यालयांचा लाभ

काटकसरीचा सर्वांत मोठा मार्ग आपल्या गावातच असतो. आमच्या बेळगावात के.एल.ई. संस्थेचे व मराठा मंडळाचे अशी दोन दंतमहाविद्यालये आहेत. गोव्यातील बंधूंना बांबोळी येथील शासकीय महाविद्यालय, इंदूर व हैदराबाद येथील बंधूंना तेथील शासकीय दंतमहाविद्यालये, बडोद्याच्या बंधूंना जवळच पिपरिया येथील के. एम. शाह महाविद्यालय, अशी सोय आहे. पदव्युत्तर विभागात विद्यार्थी-डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात आणि आकार खाजगी दवाखान्यापेक्षा पुष्कळ कमी असतो. "शिकाऊ हात" म्हणून भिण्याचे कारण नाही. प्रत्येक टप्पा प्राध्यापक तपासतात.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. वाट पाहावी लागते, प्रत्येक खेपेस निम्मा दिवस जातो, आणि ती वेळ शाळेची असते. म्हणून शाळेस आधी चिठ्ठी द्यावी. आणखी एक युक्तीची गोष्ट : पदव्युत्तर शिक्षण तीन वर्षांचे असते, तेव्हा पहिल्या वर्षातील विद्यार्थ्याकडे काम सुरू झाले तर तोच हात ते पुरे करतो. अन्यथा मध्येच दुसऱ्याकडे सोपविले जाते. नाव नोंदविताना हे नम्रपणे विचारावे.

पैसा कोठे वाया जातो?

तारा लावल्यावर निष्काळजीपणाने जितका पैसा जातो तितका भावात जात नाही. फुटाणे, चिक्की, ऊस, कडक लाडू दातांनी फोडल्यास खुंटी निघते. प्रत्येक वेळी काम काही आठवडे लांबते. फळेही फोडी करून खावीत. प्रत्येक जेवणानंतर खुंट्यांभोवती दात घासले नाहीत, तर तारा काढल्यावर दातांवर पांढरे डाग उरतात. ती किडीची सुरुवात असते. आपल्यात ज्या घरी सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नेम आहे, तेथे सायंभोजनानंतर लगेच दात घासण्याची सवय मुलांना सहज लावता येईल. रात्री काही खाणे नसल्याने दात स्वच्छ राहतात, हा त्या नेमाचा आणखी एक लाभ.

आणि शेवटी रिटेनर. तारा काढल्या म्हणजे काम संपले असे मुलास वाटते. परंतु दाताभोवतीचे तंतू त्याला जुन्या जागी ओढीत असतात. सांगितलेल्या काळापर्यंत रिटेनर वापरला नाही, तर दोन वर्षांचे काम काही महिन्यांत बिघडते. माझ्या नातवाचा रिटेनर रात्री मी स्वतः विचारतो. आजोबांना तेवढे काम असावे.

संघापुढे एक सूचना

इंग्लंडात दातांच्या वाकडेपणाची गरज मोजण्यासाठी 1989 पासून पाच श्रेणींचे एक माप आहे. तेथील राष्ट्रीय आरोग्यसेवा अठरा वर्षांखालील ज्या मुलांची गरज त्या मापाने खरी ठरते त्यांचे उपचार विनामूल्य करते. किरकोळ दोषांसाठी नाही. तेथे ते काम सरकार करते. आपल्या मर्यादेत आपण थोडे काही करू शकतो.

माझी सूचना अशी की, संघाने 3,00,000 रुपयांचा एक फिरता निधी उभारावा. त्यातून प्रत्येकी 30,000 पर्यंत बिनव्याजी रक्कम दहा मुलांना द्यावी. रक्कम पालकाच्या हाती न देता दवाखान्यात वा महाविद्यालयात भरावी. फेड दरमहा 1,500 प्रमाणे वीस महिन्यांत. दोन सभासद जामीन. दहा जणांचे मिळून दरमहा 15,000 परत येतात, म्हणजे दर दोन महिन्यांनी आणखी एका मुलाची सोय होते आणि मुद्दल जागच्या जागी राहते. निवड दिसण्यावरून नव्हे, तर गरजेवरून व्हावी आणि ती तज्ज्ञाने लेखी द्यावी. अर्जदाराचे नाव समितीबाहेर जाऊ नये. विशेषतः मुलींच्या बाबतीत हे कटाक्षाने पाळावे.

दुसरी विनंती : हा निधी केवळ सभासदांच्या मुलांपुरता नसावा. आपल्या दुकानांतील दिवाणजी, नोकर, हमाल यांची मुलेही त्यात असावीत. आपला धंदा ज्यांच्या खांद्यावर व लेखणीवर चालतो, त्यांच्या मुलांना हसताना तोंडावर हात धरावा लागू नये, ही अपेक्षा फार मोठी नाही. या निधीसाठी 25,000 रुपये मी वार्षिक सभेत देईन. ती देणगी समजू नये. 2002 सालची थकलेली बाकी समजावी.

सुज्ञ बंधुभगिनींनी यात काही न्यून असल्यास ते दाखवावे. परंतु घरात सहा-सात वर्षांचे मूल असेल तर या वर्षी एकदा त्याचे दात तज्ज्ञास दाखवावे, एवढी आग्रहाची विनंती करून हा लेख पुरा करतो.